एडिसन ते रिचमंड सारखी ये-जा आहे, रडार डिटेक्टर घेऊ का? कुठला आणि वापरायचा कसा?

कोथरूड_ते_एडिसन

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

९ वर्षं झाली न्यू जर्सीत एडिसनला. गेल्या सव्वा वर्षात २ स्पीडिंगची तिकिटं झाली. पहिलं एका छोट्या गावातून जाताना, ३५ माइल लिमिटच्या रस्त्यावर ४७, उतार संपतो तिथेच मामा उभे होते, लायसन्सवर २ पॉईंट. दुसरं हायवेवर, ६५ मध्ये ८२, ४ पॉईंट. दोन्ही वेळेला कोर्टात न जाता ऑनलाईन पैसे भरून टाकले, तेव्हा वाटलं कटकट मिटली. आता ६ पॉईंट झाल्यामुळे स्टेटचं १५० डॉलरचं सरचार्जचं बिल वेगळं आलंय आणि इन्शुरन्सचा रिन्यूअल बघून आम्हा दोघांची झोप उडालीय.

त्यात धाकटी बहीण रिचमंडला असते, तिला बाळ झालंय, आई-बाबा सध्या तिच्याकडे आहेत त्यामुळे दर तीन आठवड्यांनी आमची फेरी असते. आय-९५ हायवेने, तीनशेच्या वर माइल एका बाजूला, डेलावेअर, मेरीलँड, वॉशिंग्टनला वळसा आणि मग व्हर्जिनिया. शुक्रवारी ऑफिस संपवून निघायचं म्हणजे पोचायला मध्यरात्र होते आणि रस्ता मोकळा मिळाला की पाय आपोआप जड होतो.

ऑफिसातला एक मित्र म्हणतो रडार डिटेक्टर (पोलिसांची स्पीड मोजणारी रडार गन आसपास असली की वाजणारं यंत्र) घे आणि निवांत हो. बघायला गेलो तर ८० डॉलरपासून ७०० पर्यंत आहेत, रिव्ह्यू वाचून डोकं भणभणलं. के बँड, केए बँड, लेझर, अ‍ॅरो, काही कळेना. खरंच उपयोग होतो का, कायदेशीर आहे का, घ्यायचा तर कुठला? वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज.

रिचमंडची_मीनल

दादा, घेण्याआधी हे वाचा, कळकळीने लिहितेय. व्हर्जिनियात रडार डिटेक्टर बेकायदेशीर आहे. अख्ख्या देशात साध्या खासगी गाडीला बंदी असलेलं राज्य हे एकच, आणि शिवाय वॉशिंग्टन डीसी. म्हणजे तुम्ही नेमके जिथे जाताय तिथेच! तुमच्या जर्सीत, डेलावेअरमध्ये, मेरीलँडमध्ये चालतो.

आणि नुसता बंद करून काचेवर ठेवला तरी भागत नाही. इथल्या कायद्यात सूट तेव्हाच आहे जेव्हा त्याला पॉवर जोडलेली नसेल आणि ड्रायव्हरच्या किंवा गाडीतल्या कुणाच्याही सहज हाताशी नसेल. म्हणजे वायर काढायची, डिकीत बॅगेच्या तळाशी टाकायचा. हे सुद्धा बॉर्डर ओलांडायच्या आधी. तुम्ही बेल्टवेने, म्हणजे वॉशिंग्टनभोवतीच्या रिंग रोडने, वुड्रो विल्सन ब्रिजवरून येत असाल तर लक्षात घ्या, त्या पुलाचा थोडासा तुकडा डीसीच्या हद्दीत येतो, त्यामुळे मेरीलँडमध्येच कुठेतरी पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा काढून टाका. पुलावर आल्यावर काढू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

पण यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे व्हर्जिनियातलं स्पीडिंग हे जर्सीसारखं नाही. इथे ८५ च्या वर गेलात किंवा लिमिटपेक्षा २० किंवा जास्त गेलात की ते साधं तिकीट राहत नाही, रेकलेस ड्रायव्हिंग होतं, क्लास वन मिसडिमीनर. तो क्रिमिनल गुन्हा आहे, १२ महिन्यांपर्यंत जेल आणि २५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. २०२० च्या जुलैपर्यंत ही मर्यादा ८० होती, मग ८५ केली. आता तुम्हीच बघा, फ्रेडरिक्सबर्गच्या खाली आय-९५ ला काही ठिकाणी लिमिट ७० आहे, तिथे कुणी ८६ ने गेला तर लिमिटच्या फक्त १६ वर, जर्सीत ४ पॉईंट झाले असते, इथे क्रिमिनल केस. माझ्या नवऱ्याच्या टीममधल्या एका मुलाचं हेच झालं, एच-वन व्हिसावर होता बिचारा, त्याला वाटलं ऑनलाईन पैसे भरून मोकळे होऊ, आणि हातात पडलं कोर्टाचं समन्स. वकील केला, ड्रायव्हिंग कोर्स केला, चार महिने त्याच्या घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी चार्ज कमी झाला पण तोपर्यंत व्हिसा स्टॅम्पिंगला इंडियात जायचं की नाही याच काळजीत होता तो.

तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात माहीत नाही, पण इथे आलात की क्रूझ कंट्रोल लावा ७२ ला आणि बाळाला बघायला या, पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही हो.

कोथरूड_ते_एडिसन

बापरे. मीनलताई, मला यातलं अक्षरशः काहीही माहीत नव्हतं! ज्या मित्राने सल्ला दिला तो पण बोलला नाही. आम्ही एच-वन वरच आहोत, ग्रीन कार्डच्या लायनीत. आजवर किमान चार वेळा तरी ८५ च्या वर गेलो असेन रिचमंडच्या रस्त्याला, आता आठवून पोटात गोळा आला. मनापासून आभार.

फिलीचा_सचिन

पेनसिल्व्हेनियाबद्दल एक ऐड करतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं गावच्या लोकल पोलिसांना रडार वापरायची परवानगीच नव्हती, रडार फक्त स्टेट पोलीस वापरायचे. मग लोकल पोलीस काय करायचे तर रस्त्यावर दोन पांढरे पट्टे आखायचे आणि गाडी एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर किती सेकंदात गेली ते मोजायचे, व्हॅस्कार म्हणतात त्याला. यात कुठलीही लहर सुटत नाही त्यामुळे ७०० डॉलरचा डिटेक्टर सुद्धा गप्प बसतो. तसंच मागून तुमच्या स्पीडने गाडी चालवून स्वतःच्या मीटरवर बघतात, त्यातही काही वाजत नाही. रस्त्यावर आडवे पांढरे पट्टे दिसले की समजून जायचं.

आरएफवाला_पुणेकर

अँटेना आणि मायक्रोवेव्ह हेच माझं पोटापाण्याचं काम आहे आणि १४ वर्षं डिटेक्टर वापरतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, विषय आवडीचा आहे.

आधी यंत्र काय करतं ते समजून घ्या म्हणजे पैसे कशाला द्यायचे ते कळेल. पोलिसांची रडार गन एक ठरावीक फ्रिक्वेन्सी सोडते, ती तुमच्या गाडीवर आपटून परत जाते आणि गाडी चालती असल्यामुळे परत जाताना फ्रिक्वेन्सी किंचित बदललेली असते. आपल्याला शाळेत शिकवलेला डॉप्लर इफेक्ट, आगगाडीची शिट्टी जवळ येताना चढते आणि लांब जाताना उतरते तोच. ३४.७ गिगाहर्ट्झची गन असेल आणि तुम्ही तिच्याकडे ७० माइलने येत असाल तर फरक साधारण ७.२ किलोहर्ट्झचा पडतो, गन तेवढा मोजते आणि स्पीड दाखवते. डिटेक्टर यातलं काहीच मोजत नाही, तो फक्त रेडिओसारखा ऐकत असतो की या पट्ट्यात कुणी बोलतंय का.

आता गनला लहर जाऊन परत यायची वाट बघावी लागते, आणि परत येईपर्यंत ती फार क्षीण झालेली असते, अंतर दुप्पट झालं तर प्रतिध्वनी सोळावा हिस्सा उरतो. डिटेक्टरला मात्र जातानाचीच लहर मिळते, त्याच्याकडे अंतर दुप्पट झालं तर चौथा हिस्सा उरतो. म्हणून गनला तुम्ही दिसायच्या बऱ्याच आधी डिटेक्टरला गन ऐकू येते. सपाट मोकळ्या हायवेवर एक-दोन माइल आधी सुद्धा वाजतो. पण डोंगर, वळण, पुढे मोठा ट्रक असेल तर हे अंतर झरकन कमी होतं.

बँड तीन. एक्स बँड १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, हा जुना, बहुतेक ठिकाणी पोलिसांनी सोडला, पण जर्सीत काही गावांकडे या गन बरीच वर्षं टिकून होत्या म्हणून जर्सीकरांना तो बंद करू नका असं सांगतात. के बँड २४.१५ च्या आसपास, पोलीसही वापरतात आणि दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजेही वापरतात आणि गेल्या दहा-बारा वर्षांत आलेल्या खूप गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही, त्यामुळे सगळ्यात जास्त खोटे अलार्म याच्यावर. तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरून एकदा चालवून बघा, प्रत्येक ग्रोसरीच्या दारापाशी ओरडेल. आणि केए बँड, ३३.४ ते ३६, इथे ३३.८, ३४.७ आणि ३५.५ या तीन आकड्यांच्या आसपास बहुतेक गन असतात. केए वाजला तर विचार करायचा नाही, ब्रेककडे पाय न्यायचा, कारण या पट्ट्यात पोलिसांशिवाय फारसं कुणी नसतं.

चौथी गोष्ट लेझर, म्हणजे लिडार. तो रडार नाहीच, ९०४ नॅनोमीटरचा अदृश्य इन्फ्रारेड झोत. रडारचा झोत १००० फुटांवर अख्खा रस्ता व्यापतो, लेझरचा तेवढ्याच अंतरावर साधारण ३ फूट रुंद, पोलीस तो नेमका तुमच्या नंबर प्लेटवर किंवा हेडलाईटवर धरतो आणि सेकंदाच्या आत आकडा मिळतो. म्हणून डिटेक्टर लेझर म्हणून ओरडला तर समजायचं की तुमचा स्पीड मोजून झालाय. लेझरपासून डिटेक्टर वाचवेल या भरवशावर कुणीही राहू नका. तसंच इन्स्टंट ऑन म्हणून प्रकार असतो, मामा गन बंद ठेवून बसतात आणि गाडी टप्प्यात आली की ट्रिगर दाबतात. त्यात वाचलात तर पुढच्या गाडीमुळे वाचता, तिच्यावर मारलेली लहर तुमच्यापर्यंत उडत येते, दोन सेकंद केए वाजतो आणि थांबतो. ज्याला हा दोन सेकंदांचा आवाज ओळखता येतो त्यालाच डिटेक्टर वापरता येतो असं मी म्हणेन. रात्री रिकाम्या रस्त्यावर तुम्ही एकटेच असाल तर पुढे कुणीच नाही, आणि लोक नेमके तेव्हाच सुसाट जातात.

आता कुठला घ्यायचा. १०० डॉलरच्या आतले घेऊ नका. मी पहिला स्वस्तातला घेतला होता, तो दुकानांच्या दारांना इतका ओरडायचा की मी आवाज बंद करून टाकला आणि त्याच आठवड्यात तिकीट मिळालं. खोट्या अलार्मने माणूस बहिरा होतो, हा स्वस्त यंत्राचा खरा धोका. ३०० ते ४०० मध्ये युनिडेनचे आर ३, आर ४ आहेत, एक अँटेना, लांबचं चांगलं ऐकतात, जीपीएस आहे म्हणजे रोजच्या रस्त्यावरच्या दुकानाचा दरवाजा एकदा लॉक केला की परत तिथे ओरडत नाही. ५०० ते ७०० मध्ये अ‍ॅरोवाले, युनिडेन आर ७, आर ८, व्हॅलेंटाईन वन जेन २, यात दोन अँटेना असतात आणि सिग्नल पुढून, बाजूने की मागून येतोय ते बाण दाखवतो. व्हॅलेंटाईन वनने हे बाण १९९२ मध्येच आणले होते, आजही बाणाची सवय झालेला माणूस बिनबाणाचा वापरत नाही. फक्त त्याच्यात जीपीएस नाही, ते काम फोनच्या अ‍ॅपवर सोडलंय. एस्कॉर्टचे पण चांगले आहेत, ते लॉक आपोआप करतात, ज्याला सेटिंगमध्ये शिरायचं नाही त्याच्यासाठी बरे. तुमच्यासाठी मी आर ४ म्हणेन, कारण बराच रस्ता तर तुम्हाला तो डिकीतच ठेवायचाय, मग ७०० कशाला घालायचे.

लावायचा कुठे तर आरशाच्या जवळ, उंच, पुढे मागे दोन्हीकडे काच दिसेल असा, वायपरच्या मागे नको आणि काचेवरच्या धातूच्या टिंटमागे नको, ते टिंट लहर अडवतं. सरळ आडवा बसला पाहिजे, नाक आकाशाकडे नको. हायवेला हायवे मोड, गावात सिटी मोड. पहिले दोन आठवडे फक्त ऐका, काहीही स्पीड न वाढवता, आपल्या रोजच्या रस्त्यावर कुठे काय वाजतं ते कानाला कळू द्या.

मीनलताईंनी व्हर्जिनियाचं सांगितलंच आहे. त्यात माझी भर म्हणजे तिकडच्या पोलिसांकडे डिटेक्टर शोधणारे डिटेक्टर असतात. तुमच्या यंत्राच्या आत एक ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारा भाग असतो, त्याची थोडी गळती बाहेर होते, ती पकडणारे व्हीजी-२ आणि स्पेक्टर नावाचे प्रकार आहेत. काही महागडे डिटेक्टर ही गळती इतकी कमी करतात की सापडत नाहीत, लोक तेवढ्यासाठीच पैसे मोजतात. पण एच-वन वर असताना हा खेळ खेळू नका, एवढंच मी मोठ्या भावाच्या नात्याने सांगेन. आणि जॅमर विकणारा कुणी भेटला तर लांबूनच नमस्कार करा, रडार जॅमर वापरणं अख्ख्या अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे, लेझर जॅमरवर पण काही राज्यांत बंदी आहे.

आयसीयूतली_सिस्टर

मला राहवत नाही म्हणून लिहिते, राग मानू नका. जर्सीतच एका ट्रॉमा आयसीयूत १२ वर्षं नाईट करते. हा सगळा धागा तिकीट कसं चुकवायचं यावर चाललाय आणि गाडी हळू चालवा असं मीनलताई सोडून कुणीच म्हणत नाहीये. ६५ ऐवजी ८० ने जाताना गाडीतली एनर्जी दीडपट होते, ती अपघातात कुठेतरी जाते ना, ती माणसाच्या बरगड्यांत आणि मेंदूत जाते. मध्यरात्री, दमून, मागे मुलं झोपलेली आणि पाय जड होतो म्हणता तुम्ही. ३०० माइल ७२ ने गेलात तर ४ तास १० मिनिटं, ८० ने गेलात तर पावणेचार तास. २५ मिनिटं वाचतात हो फक्त. पहाटे ३ ला एखाद्या आईला फोन करायचं काम माझ्याकडे येतं, मी ते किती वेळा केलंय मलाच आठवत नाही.

कोथरूड_ते_एडिसन

सिस्टर, राग अजिबात नाही आला. तुमचा २५ मिनिटांचा हिशोब बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली हे मी पाच वर्षं सांगतेय. खरं आहे. शुक्रवारी रात्री निघणं बंद करतोय, शनिवारी पहाटे निघू. पण गावातल्या पहिल्या तिकिटाचं मला अजूनही खटकतं, तिथे मी काही रेस लावत नव्हतो, लिमिट एकदम ५० वरून ३५ होते तिथे, असल्या ठिकाणी आधी कुणीतरी खांद्यावर थोपटून सांगावं एवढीच अपेक्षा आहे.

जुना_जर्सीकर

मी १९८१ साली आलो. तेव्हा सगळ्या देशात ५५ ची मर्यादा होती, १९७४ साली तेलटंचाईत आणलेली, ती १९९५ मध्ये उठली आणि आपल्या जर्सीत तर टर्नपाइकला ६५ व्हायला १९९८ उजाडलं. एवढ्या रुंद सरळ रस्त्यावर ५५ ने जायचं म्हणजे लोकांना शिक्षा वाटायची, त्यातूनच फझबस्टर आणि सगळे डिटेक्टर घरोघरी पोचले, ट्रकवाले सीबी रेडिओवर एकमेकांना सांगायचे, ऊन अडवायच्या पट्टीला डिटेक्टरची डबी अडकवलेली प्रत्येक तिसऱ्या गाडीत दिसायची. माझ्याही होती.

मी स्वतःचा अनुभव सांगतो. डबी घेतल्यापासून मी जास्त जोरात जाऊ लागलो. आवाज नाही म्हणजे धोका नाही, असं मनाने धरलं होतं. १९८६ च्या नोव्हेंबरात पावसात, डबी शांत, मी ७५ ला, रस्त्यावर पाणी साचलेलं, गाडी तरंगली आणि कठड्याला घासत गेली. हिचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला, अजून थंडीत दुखतो. पोलीस तिथे कुठेच नव्हता, तो आला अपघातानंतर, आणि माझ्याशी फार चांगला वागला. त्यानंतर पण मी डिटेक्टर वापरला, आजही आहे, पण वाजला नाही तरी ७० च्या वर नाही. मला तो उपयोगी पडतो ते अनोळखी गावात, तुम्ही म्हणता तसं, लिमिट एकदम उतरते तिथे.

आता तुमच्या पॉईंटबद्दल, कारण ते कुणी बोललं नाही. परत तिकीट न मिळो, पण मिळालं तर ऑनलाईन भरू नका. म्युनिसिपल कोर्टात जा, प्रॉसिक्युटरशी (सरकारी वकिलाशी) बोला, बऱ्याचदा ते अनसेफ ड्रायव्हिंगवर आणतात, त्याला पहिल्या दोन वेळेला शून्य पॉईंट, फक्त दंडाशिवाय २५० डॉलरचा सरचार्ज लागतो. ही सोय पाच वर्षांत दोनदाच, म्हणून जपून वापरायची. झालेले पॉईंट उतरवायचे तर डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करा, २ पॉईंट कमी होतात, पाच वर्षांतून एकदा मिळतो. आणि एक वर्ष काही न होता काढलंत तर ३ उतरतात. म्हणजे ६ चे १ होऊ शकतात वर्षभरात. बाहेरच्या राज्यातलं तिकीट असलं तरी जर्सीत २ पॉईंट चढतात हेही ध्यानात ठेवा.

आणि अडवलं तर गाडी उजवीकडे घ्या, आतला दिवा लावा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कागद शोधायला आधीच डॅशबोर्डात हात घालू नका, विचारल्यावर सांगून काढा. इंडियातून नवीन आलेली मुलं आदराने म्हणून गाडीतून उतरून पोलिसाकडे चालत जातात, ते इथे अजिबात करायचं नाही.

टोरंटोची_अनघा

उन्हाळ्यात नायगाराला गाडीने येणार असाल तर एक सूचना. ऑन्टारियोत डिटेक्टर गाडीत असणं सुद्धा गुन्हा आहे, बंद असला तरी, पोलीस काढून घेतात आणि वर दंड. कॅनडात फक्त ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सस्कॅचवान इथे चालतो. पुलावर यायच्या आधी अमेरिकेच्याच बाजूला हॉटेलवर ठेवून या किंवा घरीच. आणि इथे लिमिटच्या ५० किलोमीटर वर गेलात, लहान रस्त्यांवर ४०, तर स्टंट ड्रायव्हिंगमध्ये गाडी तिथल्या तिथे १४ दिवस जप्त होते. पाहुण्यांसोबत असताना असं झालं तर काय होईल विचार करा.

पिंपरीचा_विनय

दादा लोक, हा धागा वाचून विचारतो, हे यंत्र तिकडून मागवून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लावलं तर चालेल का? वडिलांची गाडी आहे, गेल्या सहा महिन्यांत ३ चलान घरी आलीत, कुठे फोटो काढला तेच कळत नाही.

आरएफवाला_पुणेकर

विनय, पैसे वाया घालवू नकोस. एक्सप्रेसवेला २०२४ च्या जुलैपासून ती नवीन आयटीएमएस सिस्टिम चालू झालीय, तिथले कॅमेरे नंबर प्लेट वाचतात आणि दोन कमानींमधला वेळ मोजून सरासरी स्पीड काढतात. समज दोन कमानींमध्ये २० किलोमीटर अंतर आहे आणि तू ते १० मिनिटांत कापलंस, तर सरासरी १२० झाली, मग मध्ये कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून ९० केलंस तरी चलान. वर सचिनने लिहिलेले पांढरे पट्टे आठव, तेच गणित, फक्त पट्ट्यांच्या जागी कमान. यात ऐकण्यासारखी लहर नसते. आणि हायवे पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर गन असतात, लेझरचं वर लिहिलंच आहे.

बाबांना सांग की कारला सपाटीला १०० आणि घाटात ६० आहे. बहुतेकांची चलानं घाटातली असतात, कारण उताराला गाडी आपोआप ८० ला जाते. खंडाळ्याचा उतार लागायच्या आधी गिअर खाली टाकायचा, मग इंजिनच धरून ठेवतं.

कोथरूड_ते_एडिसन

अपडेट देतो, सव्वा महिन्याने. आर ४ घेतला, डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स पण केला ऑनलाईन, २ पॉईंट उतरतील. रिचमंडच्या दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही शनिवारी पहाटे साडेपाचला निघून. डेलावेअर आणि मेरीलँडपर्यंत लावतो, मग पेट्रोलला थांबतो तिथे वायर काढून डिकीत, बायको स्वतः बघते की गेला की नाही. पुढे फक्त फोनवरचं वेझ अ‍ॅप, त्याच्यावर तिकडे बंदी नाही. मेरीलँडला रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी कॅमेरे असतात, लिमिटच्या १२ वर गेलं की तिकीट घरी येतं, त्याला वेझच जास्त कामाचं, डिटेक्टरपेक्षा.

जर्सीत दोन आठवडे नुसतं ऐकलं, जसं आरएफवाल्या दादांनी सांगितलं. ओक ट्री रोडला अकरा ठिकाणी के वाजला, सगळे लॉक केले. केए आत्तापर्यंत चारदा, चारही वेळेला खरंच मामा होते! त्यातलं एक ते पहिल्या तिकिटाचंच गाव, उताराच्या अर्धा माइल आधी ३४.७ दाखवलं, मी तेव्हा ३४ ला होतो, शांतपणे त्यांच्या समोरून गेलो. काय बरं वाटलं सांगू.

एकच अडचण, हायवेवर उजव्या लेनमध्ये असलो की कधी कधी दहा-पंधरा सेकंद के वाजत राहतो आणि आजूबाजूला दुकान नाही, पोलीस नाही. लॉक करू का?

आरएफवाला_पुणेकर

नको नको, ते लॉक करू नका. ती शेजारून चाललेल्या गाडीचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर असणार, ती गाडी पुढे गेली की आवाज जाईल, जागा लॉक केलीत तर उद्या तिथेच खरा के घेऊन कुणी बसला तर ऐकूच येणार नाही. सेटिंगमध्ये के फिल्टर आहे तो चालू करा आणि फर्मवेअर अपडेट करून घ्या, कॉम्प्युटरला केबलने जोडून दहा मिनिटांचं काम आहे. तरी राहिलं तर ती गाडी कुठली होती ते बघून इथे लिहा, कुठल्या गाडीचा सेन्सर कुठल्या आकड्यावर वाजतो याची यादी मी ठेवलीय, त्यात भर टाकतो.